शेजारणींची रिकामी भांडी

शास्त्रभाग : २ राजे ४:१-७. जोडीस वाचावे : योहान ४:५-९, १ करिंथ १०:२३-३३.



आज आपण वाचलेला शास्त्रभाग एका लहानशा घराविषयी आहे. ह्याच्या आधीच्या अध्यायात तीन राजांनी मवाबावर केलेल्या स्वारीचे वर्णन आहे. त्या लढाईची धूळ खाली बसते न बसते तोच शास्त्र आपणांस एका गरीब बाईच्या दाराशी आणून उभे करिते. घरात ती आहे, तिचे दोन मुलगे आहेत आणि तेलाची एक कुपी आहे. घराबाहेर तिचे शेजारी आहेत. परमेश्वराला राजांच्या लढाईइतकीच ह्या घराच्या चुलीची काळजी आहे, हे पाहून आपल्यासारख्या खेड्यातील माणसांस धीर यावा.

ह्या बाईचा नवरा संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी होता. आपल्या भाषेत बोलावयाचे तर ती एका उपदेशकाची विधवा होती. आपला नवरा परमेश्वराचे भय बाळगणारा होता, अशी साक्ष ती स्वतः अलीशापुढे देते. परंतु देवभीरू मनुष्यही कर्ज मागे ठेवून मरू शकतो, हे शास्त्र लपवीत नाही. सावकार दाराशी आला आहे, आणि देण्याच्या मोबदल्यात तो तिचे दोन्ही मुलगे दास करून नेणार आहे. आईच्या दृष्टीने ह्याहून मोठे संकट कोणते?

अलीशाने तिला पैसे दिले नाहीत व सावकाराकडे रदबदलीही केली नाही. घरात काय आहे एवढेच त्याने विचारिले. तेलाच्या कुपीवाचून काही नाही असे ऐकल्यावर त्याने आज्ञा केली की, तिने सर्व शेजाऱ्यांकडे जाऊन रिकामी भांडी उसनी मागावी, आणि ती थोडकी नसावीत. मग मुलांसह आत जाऊन दार लावावे व कुपीतील तेल भांड्यांत ओतावे. तिने तसे केले. मुले भांडी आणून देत आणि ती ओतीत राहिली. शेवटी तिने आणखी एक भांडे मागितले, तेव्हा मुलाने सांगितले की, आता भांडे उरले नाही. त्याच क्षणी तेल थांबले. पुढे ते तेल विकून तिने कर्ज फेडावे व उरलेल्यावर मुलांसह निर्वाह करावा, असे संदेष्ट्याने सांगितले.

आता मी तुम्हांस एक प्रश्न विचारतो. ज्या देवाने कुपीतील तेल वाढविले, त्याला तिचे घर एकदम तेलाने किंवा रुप्याने भरता आले नसते काय? मग त्याने तिला शेजाऱ्यांच्या दारोदार का पाठविले? माझ्या अल्प समजुतीप्रमाणे ह्याचे उत्तर असे आहे की, त्या घरावर जो आशीर्वाद यावयाचा होता तो शेजाऱ्यांच्या भांड्यांवाचून यावा, अशी देवाची इच्छाच नव्हती. ह्याविषयी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

पहिली गोष्ट : ती मागावयास गेली.

कर्जबाजारी घराची लाज काय असते, हे खेड्यात राहणाऱ्यास सांगावे लागत नाही. सावकार येऊन गेल्याची बातमी त्या गल्लीत सर्वांस कळली असेलच. अशा वेळी मनुष्यास वाटते की, दार लावून बसावे, कोणास तोंड दाखवू नये. आणि नेमक्या त्याच वेळी देवाचा मनुष्य तिला घराघरांतून हिंडावयास सांगतो. आपल्याकडे म्हण आहे की, ताकाला जाऊन भांडे लपवू नये. ही बाई तर भांडेच मागावयास निघाली होती. तिला लपवावयास काही उरलेच नव्हते.

त्या शेजारणींची नावे शास्त्रात नाहीत. त्या काळी इस्राएलात बआलाची भक्ती पुष्कळ माजली होती. ह्या शेजारणींपैकी परमेश्वराला भजणाऱ्या किती व बआलाच्या देवळात जाणाऱ्या किती, हे कोठेही सांगितलेले नाही, आणि अलीशानेही तसे विचारण्यास सांगितले नाही. त्यांनी भांडी दिली, एवढे खरे. आणि देवाने ती सर्व भांडी सारखीच भरली.

आमच्या काही ख्रिस्ती घरांत अलीकडे एक दोष शिरत आहे. देवाच्या कृपेने मुले शिकली, कोणास रेल्वेत, कोणास कारखान्यात नोकरी लागली, पत्र्याच्या जागी पक्के छप्पर आले. ह्याबद्दल देवाचे आभार मानावेत. परंतु त्याबरोबर एक वाक्यही आमच्या तोंडी आले आहे : आम्हांस कोणाचे काही लागत नाही. विरजण संपले तर दुकानातून दह्याची पिशवी आणावी, पण वाटी घेऊन शेजारी जाऊ नये. पाहुणे आले आणि ताटे कमी पडली तर कागदी पत्रावळी विकत घ्याव्यात, पण शेजारणीस मागू नये. मागणाऱ्याचा हात खालचा, असे आपण समजतो.

पण आपल्या प्रभूकडे पाहा. याकोबाच्या विहिरीपाशी तो थकून बसला होता. त्याच्याजवळ पोहरा नव्हता. यहूदी लोक शोमरोन्यांच्या भांड्यांस शिवत नसत. असे असता त्याने त्या शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागितले. जगाचा तारणारा त्या बाईपुढे आधी मागणारा होऊन आला, आणि ती त्याच्याशी बोलावयास लागली ती त्या मागण्यामुळेच. जो शेजाऱ्याजवळ कधी काही मागत नाही, त्याला शेजाऱ्याशी तारणाची गोष्ट बोलावयास तरी वाट कोठून सापडावी?

दुसरी गोष्ट : मुलांनी भांडी वाहिली.

ज्या मुलांस सावकार नेणार होता, तीच मुले आईच्या हाती भांडी देत होती. आईने त्यांस कोपऱ्यात बसवून ठेविले नाही. घरावर संकट आहे हे मुलांपासून लपविले नाही, आणि देवाचा उपकार होत असताना त्यांस बाहेर खेळावयासही पाठविले नाही. पुढे जन्मभर ती मुले सांगू शकली असतील की, देवाने काय केले हे आम्हांस कोणी सांगितले नाही, आम्ही आमच्या हातांनी ती भांडी उचलली.

लहान मुलास धर्म कानाने थोडा आणि हाताने अधिक कळतो. जर्मनीत फ्रोबेल नावाच्या शिक्षकाने १८३७ साली लहान मुलांसाठी जी शाळा काढली, तिचे तत्त्व हेच होते की, मुलाने खेळत, हातांनी करीत शिकावे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन मराठी मिशनच्या बायांनी ह्याच पद्धतीची शाळा आपल्या सोलापुरात चालविली आणि अशा शिक्षिकाही तेथे तयार केल्या. गाणे, माती, ठोकळे ह्यांतून अक्षर शिकविता येते. तद्वत् शेजारधर्म शिकविण्याची शाळा म्हणजे आपल्या दारापासून शेजारच्या दारापर्यंतची दहा पावले. मुलाच्या हाती वाटी द्यावी व त्याला त्या दहा पावलांवर पाठवावे. तो वाटेत काय शिकतो हे आपणांस पुढे वीस वर्षांनी कळते.

परंतु ह्याच दहा पावलांवर मूल दुसरेही काही शिकू शकते. आता जी गोष्ट सांगतो, ती सांगताना मला संकोच वाटतो, कारण तीत चुकलेला मनुष्य मीच आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. होटगीस स्टेशनाच्या बाजूस आपल्या मंडळीतील एक कुटुंब राहत असे. बाप रेल्वेच्या रुळांवर कामास होता. घरात त्याची बायको, सहा वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा. शेजारी एक कानडी बोलणारी म्हातारी बाई होती. मुले तिला अज्जी म्हणत. मुलगा जन्मला तेव्हा सव्वा महिना त्या घरची भाकरी अज्जीने भाजली होती. मुलीची वेणी रोज सकाळी अज्जीच्या ओसरीवर घातली जाई. मूल रडले तर आधी कोणी उचलावे, आईने की अज्जीने, असा त्या दोन घरांतील प्रेमाचा तंटा असे.

मार्गशीर्षातील वेळ अमावास्या आपल्या जिल्ह्यात व पलीकडे कर्नाटकातही पाळतात, हे तुम्ही जाणता. रब्बीची ज्वारी उभी असते. शेतकरी शेतात कडब्याची कोप करून पूजा करितो, आणि मग ओळखीच्यास व अनोळख्यासही भज्जी, आंबील व बाजरीचे उंडे जेवावयास बसवितो. जे शेतावर येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी डबा जातो. त्या वर्षी अमावास्येच्या आधीच्या रविवारी मी होटगीच्या मंडळीत मूर्तीस दाखविलेल्या अन्नाविषयी कडक उपदेश केला. बोललो ते खोटे नव्हते, पण ते अर्धेच होते. शेजाऱ्याचे मन ह्या विषयावर मी एक शब्दही बोललो नाही.

अमावास्येस अज्जीचा डबा नेहमीप्रमाणे आला. आईने माझा उपदेश ऐकिला होता. तिने तो डबा तसाच मुलीच्या हाती परत पाठविला आणि, "आमच्यात हे चालत नाही असं सांग," म्हणून तिला शिकविले. मुलगी गेली, शिकविल्याप्रमाणे बोलली. अज्जीने झाकण उघडून पाहिले. डबा जसा भरला होता तसाच होता. ती काही न बोलता आत गेली. दुसऱ्या दिवसापासून मुलीची वेणी त्या ओसरीवर घातली गेली नाही. भांडण झाले नाही, कोणी कोणास उणे बोलले नाही. पण त्या दहा पावलांवर गवत उगवले.

पुढे पावसाळा आला. एका रात्री बाप रुळांच्या गस्तीवर गेला होता. धाकट्या मुलास संध्याकाळपासून ताप होता. मध्यरात्री त्याचे अंग ताठ झाले, डोळे वर गेले आणि हातपाय झटके देऊ लागले. आई त्याला उराशी धरून दारापर्यंत गेली आणि तेथेच थबकली. सात महिन्यांपूर्वी डबा परत पाठविलेल्या दारावर आता कोणत्या तोंडाने थाप मारावी, हे तिला कळेना. तिने मला पुढे सांगितले की, तेवढा क्षण तिला अजून खातो.

मुलगी मात्र उठली आणि भर पावसात पळत गेली. "अज्जी, लवकर ये की! बाळाला बघ!" अज्जी आली. तिने मुलास कुशीवर निजविले, अंगावरचे कपडे सैल केले, पाण्याने अंग पुसले. कोणी तोंडात पाणी घालू म्हणाले, कोणी कांदा नाकाशी धरू म्हणाले. तिने काहीएक करू दिले नाही. तिच्या पुतण्याने रिक्षा काढली आणि त्याच रात्री मुलास सोलापुरास दवाखान्यात नेले. मूल वाचले. ते आज शाळेत जाते.

आठ दिवसांनी मी त्या घरी गेलो. आईने मला पाणी दिले आणि म्हटले, "पाळकसाहेब, तुम्ही सांगितलं तसं मी केलं. माझ्या पोरीनं तुमचं ऐकलं नाही, म्हणून माझा बाळ वाचला."

ह्यावर मला काही बोलता आले नाही. घरी येऊन मी तो शास्त्रभाग पुन्हा उघडला.

तिसरी गोष्ट : तिने दार लावून घेतले.

ह्या गोष्टीत दार दोनदा येते. भांडी मागावयाच्या वेळी ते उघडे आहे. तेल ओतावयाच्या वेळी ते लावलेले आहे. उघडे दार हे शेजाऱ्यांचे, आणि लावलेले दार हे देवाचे. घराला दोन्ही लागतात. ज्या घराचे दार प्रार्थनेसाठी कधी लागतच नाही, त्याची कुपी लवकर रिकामी होते. रोज संध्याकाळी मुलांस जवळ घेऊन शास्त्राची दोन वचने वाचावीत, शेजारच्या घराचे नाव घेऊन प्रार्थना करावी, मग जेवावे. त्या वेळी मोबाईलही दाराबाहेर असू द्यावा. पण ज्या घराचे दार उघडतच नाही, तेथे ओतावयास भांडेच नसते.

आपल्या होटगीचेच उदाहरण घ्या. एके काळी येथे दोन प्रकारचे रुळमार्ग एकत्र येत. मुंबईहून मद्रासेकडे जाणारा मार्ग साडेपाच फूट रुंदीचा, आणि विजापुरावरून गदगकडे जाणारा मार्ग एक मीटर रुंदीचा. एका मार्गाची गाडी दुसऱ्या रुळांवर चालणे शक्य नव्हते. तसे कोणी करूही पाहिले नसते. परंतु म्हणून माल अडून राहिला काय? जेथे असे दोन मार्ग भेटत, तेथे तो माणसांच्या डोक्यापाठीवरून एका डब्यातून दुसऱ्या डब्यात चढविला जाई. पुढे गदगचा मार्गही रुंद झाला आणि ते काम सरले. पण दोन धर्मांची घरे शेजारी शेजारी असली म्हणजे ते काम सरत नाही. आपण आपला रूळ सोडावा असे मी सांगत नाही. जो प्रभूचा झाला त्याने दुसऱ्या कोणाची पूजा करू नये, ह्यात तिळमात्र बदल नाही. परंतु रूळ वेगळा आहे म्हणून प्रेमाचा माल फलाटावर कुजत ठेवावा, असे शास्त्र कोठेही सांगत नाही.

करिंथ येथील मंडळीपुढे हाच प्रश्न होता, आणि पौलाने त्याचे उत्तर तीन पायऱ्यांनी दिले आहे. पहिली पायरी : मूर्तीच्या पूजेपासून दूर पळावे. दुसरी पायरी : विश्वास न ठेवणाऱ्या कोणी जेवावयास बोलाविले आणि तुमची जाण्याची इच्छा असली, तर पुढे वाढलेले खावे, विचारपूस करीत बसू नये. तिसरी पायरी : हे अर्पण केलेले आहे असे कोणी मुद्दाम सांगितले, तर त्या सांगणाऱ्याच्या मनासाठी खाऊ नये. तिसऱ्या पायरीवरदेखील पौल आपला स्वतःचा विटाळ मोजीत नाही. दुसऱ्याचे मन मोजतो. मी पहिली व तिसरी पायरी शिकविली होती. दुसरी गाळली होती, आणि तिसरीतले प्रेमही गाळले होते.

मग आता आपण काय करावे? पूजेचा भाग म्हणून कोणी हाती काही दिले, तर हात जोडून, गोड शब्दांनी, मोठ्या माणसाने स्वतः बोलून नाकारावे. ते काम लहान मुलाच्या तोंडी कधीही देऊ नये. पण शेजारीण आपल्या चुलीवरचे अन्न तुमच्या मुलांसाठी प्रेमाने पाठवीत असेल, तर ते देवाचे आभार मानून घ्यावे. कोणाचे मन अजून दुबळे असेल आणि त्यास ते खाववत नसेल, तर त्याने न खावे. पण डबा भरलेला परत जाऊ नये व शब्द कडू निघू नये.

ह्याहून एक जड गोष्ट मला आपल्या लोकांस सांगावयाची आहे. भांड्याच्या विटाळाचे दुःख जगात आपल्याहून अधिक कोणास ठाऊक आहे? आपल्या आजोबा-पणजोबांस वरून पाणी ओतून देत. पोहऱ्यास त्यांचा हात लागू देत नसत. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉक्टर आंबेडकरांस हजारो लोकांसह चालत जावे लागले. १९५० साली राज्यघटना अमलात आली, आणि तिने अस्पृश्यता नाहीशी केल्याचे जाहीर केले. असे असता आपणच जर शेजाऱ्याच्या भरल्या डब्याकडे विटाळ म्हणून पाहू लागलो, तर आपण ख्रिस्ताकडून शिकलो की ज्यांनी आपणांस दूर ठेविले त्यांच्याकडून?

लक्ष्मीबाई टिळक ह्यांचे चरित्र पुष्कळांच्या वाचनात असेल. त्यांचे पती नारायण वामन टिळक ह्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्या मात्र कडक सोवळ्यात वाढलेल्या. पुढे पतीच्या जवळ येऊन राहिल्या तरी आपले अन्नपाणी वेगळे ठेवीत. ही भिंत कोणी त्यांच्याकडून बळाने पाडविली नाही. स्वतः विचार करिता करिता त्यांस कळले की, जातिभेद देवाने केलेला नाही, आणि त्यांनी तो टाकून दिला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला. त्यांनी आपली हकीकत 'स्मृतिचित्रे' ह्या नावाने लिहिली. तिचे भाग १९३४ सालापासून निघू लागले. भांड्याची भिंत जिने एकदा पाडली, तिच्या घरात पुढे कोणाचीही पोरेबाळे येऊन जेवीत. असे घर आपले असावे.

चौथी गोष्ट : तिने कर्ज फेडावयाचे होते.

तेल मिळाले म्हणून त्या बाईने शेजाऱ्यांस मेजवानी घालावी, असे अलीशाने सांगितले नाही. आधी देणे द्यावे, मग उरलेल्यावर जगावे, हा त्याचा क्रम होता. चमत्काराने मिळालेले तेलसुद्धा आधी सावकाराच्या देण्याकडे गेले.

आज आपल्या गावांत बायांचे बचत गट आहेत. काही कर्जे अशी असतात की, सर्व बाया मिळून एकमेकींसाठी बांधलेल्या असतात. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांस तो भरावा लागतो. ही सही म्हणजे शेजारणीने दिलेले रिकामे भांडेच होय. तिने आपल्या विश्वासाचे भांडे तुझ्या हाती दिले आहे. लग्नात, बारशात, दुसऱ्याच्या बरोबरीने थाट करण्यासाठी ते पैसे उधळले आणि हप्त्याच्या दिवशी दार लावून बसलो, तर त्या लावलेल्या दाराआड तेल वाढणार नाही. रोमकरांस लिहिताना पौल सांगतो की, प्रीतीवाचून दुसरे कोणतेही देणे आपल्याकडे राहू नये. उपदेशक बंधूंनो, हे आपणांसही लागू आहे. तो मेलेला मनुष्य आपल्याच धंद्याचा होता. घरचे कर्ज बायकोपासून लपवू नका. तुमच्या मागे तिला व मुलांस ते उघड्यावर भोगावे लागेल.

आणि ती भांडी? ती उसनी होती, म्हणजे परत गेलीच असतील. तेल विकल्यावर त्या दोघा मुलांनी ती एकेका घरी पोचविली असतील. शास्त्रात हे लिहिलेले नाही, परंतु आपल्या बायांस विचारा : शेजारणीचे भांडे रिकामे परत पाठवितात काय? काही नसले तर चिमूटभर साखर घालून पाठवितात. त्या विधवेच्या हातून भांड्यांच्या तळाशी थोडे तेल राहिले असेल, असे मला नेहमी वाटते.

होटगीच्या त्या घरीही एक भांडे परत करावयाचे राहिले होते. मुलास दवाखान्यातून आणल्यावर तीन-चार दिवसांनी आईने गव्हाची खीर केली. डबा मुलीच्या हाती दिला, पण ह्या वेळी तिला एकटी पाठविली नाही. स्वतः मागोमाग गेली. अज्जीच्या पायरीवर उभी राहून तिने क्षमा मागितली. माझी भेट झाल्यावर मीही तेथे गेलो आणि, हा दोष तिचा नव्हे, माझा होता, असे सांगितले. अज्जीला माझे पुस्तकी मराठी किती कळले कोण जाणे. तिने मला बसावयास घोंगडी टाकली. मग मुलीला जवळ ओढून तिची वेणी सोडली, तेल लावले, आणि माझे बोलणे संपेपर्यंत ती पुन्हा घट्ट घालून दिली.

बंधुभगिनींनो, त्या विधवेच्या घरी तेल कशाने थांबले, हे विसरू नका. देवाजवळचे तेल संपले नव्हते. शेजाऱ्यांकडून आणिलेली भांडी संपली होती. तिने आणखी दहा घरी जाऊन मागितले असते, तर आणखी दहा भांडी भरली असती. आपल्या घरात, आपल्या मंडळीत आशीर्वाद थोडा का येतो, असे आपण वारंवार विचारतो. आपण किती दारी गेलो, हेही एकदा मोजून पाहावे.

ह्या आठवड्यात प्रत्येक घराने तीन कामे करावीत. एक : ज्या शेजाऱ्याकडे बरेच दिवस जाणे झाले नाही, त्याच्याकडे काही तरी लहान वस्तू उसनी मागावयास जावे. दोन : घरात पहिल्याने जे गोड होईल त्याची वाटी मुलाच्या हातून शेजारी पाठवावी, मुलगा असला तरी त्यासच पाठवावे, कारण शास्त्रात भांडी वाहणारे मुलगेच होते. तीन : ज्याचा डबा, ज्याचे पैसे, किंवा ज्याचे मन आपल्याकडे परत करावयाचे राहिले आहे, त्याचे ते परत करावे, आणि मुलांच्या देखत करावे.

प्रार्थना

हे परमेश्वरा, आमच्या स्वर्गीय पित्या, तू विधवेची कुपी पाहिलीस, तशी आमची चूल पाहा. आमच्या लेकरांस कोणत्याही सावकाराच्या हाती पडू देऊ नको. आमच्या शेजाऱ्यांस, ज्यांनी आमच्या मुलांस उचलून घेतले व आमच्या रात्री आमच्याबरोबर जागल्या, त्यांस आशीर्वाद दे. आम्ही अभिमानाने किंवा अज्ञानाने ज्यांचे मन दुखविले त्यांच्या दारी जाण्याचे बळ आम्हांस दे. तुझ्या सेवकांच्या तोंडून अर्धे बोल निघू देऊ नको. आमचे दार तुझ्यासाठी लावावयास व शेजाऱ्यासाठी उघडावयास आम्हांस शिकीव. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.